आवाज वाढला, ताकद नाही

जुन्या सहा सिलिंडरच्या आलिशान सेडानला दम यावा म्हणून मी आधी मागचा मफलर बदलला. आवाज भारदस्त झाला, पण चढावर गाडी तशीच रडायची. मग एक्झॉस्ट पाइपमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी धुराचा दाब मोजायला प्रेशर गेज लावला. 2500 आरपीएमला काटा 6 पीएसआयवर! 3 च्या वर गेला की पुढे कुठेतरी तुंबलंय समजायचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) उतरवून आत टॉर्च मारली, तर जाळी वितळून गोळा झालेली. मूळ दुखणं वेगळंच होतं: प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक इग्निशन कॉइल मिसफायर करत होती, म्हणजे मधूनच ठिणगी पडत नव्हती, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटायचं. म्हणून आधी कॉइल आणि प्लग, मग नवा कन्व्हर्टर. (तो काढून सरळ पाइप टाका, असं सांगणारे भेटतातच. मी ऐकलं नाही.) आता काटा 1 वर असतो, गाडी झटकन उचलते. मफलरचे पैसे मात्र फुकट गेले.