वॉटसन फेलोशिपला अर्ज करताय? मग टॉपरगिरी जरा बाजूला ठेवा

अमेरिकेत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या पोरांना ही फेलोशिप बऱ्याचदा माहीतच नसते, कारण सगळे एमएस नाहीतर जॉबच्या मागे. थॉमस जे. वॉटसन फेलोशिप, १९६८ पासून चालू आहे, आयबीएमवाल्या वॉटसन कुटुंबाच्या पैशातून. ४०,००० डॉलर्स देतात आणि सांगतात की जा, वर्षभर तुझ्या आवडीच्या विषयामागे जगभर फिर. डिग्री मिळत नाही, पेपर छापायचा नाही, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट पाठवायचा. ठरवलेलं फसलं, मधेच दिशा बदलली, तरी चालतं.

आधी तुमचं कॉलेज यादीत आहे का बघा. ग्रिनेल, पोमोना, स्वार्थमोर, व्हासर अशी साधारण ४० कॉलेजं आहेत, त्यात नसेल तर विषय संपला. पासपोर्ट भारतीय असला तरी चालतो. पहिली चाळणी कॉलेजातच लागते, मग फाउंडेशनवाले इंटरव्ह्यू घेतात. फॉल सेमिस्टर (ऑगस्ट-सप्टेंबरचं) सुरू झालं की लगेच कॉलेजची डेडलाइन येते, म्हणून डोकं उन्हाळ्याच्या सुट्टीतच चालवायला लागा.

नियम कडक आहेत. १२ महिने ना अमेरिकेत यायचं ना स्वतःच्या देशात, मग घरी सख्ख्या बहिणीचं लग्न असो नाहीतर गणपती. आधी जिथे राहिलात किंवा शिकलात ते देश चालत नाहीत. पगाराची नोकरी नाही, कुठे ॲडमिशन नाही, आणि एकट्यानेच जायचं.

आता खरी गोची होते ती लिहिताना. आपल्याला लहानपणापासून सवय असते की अर्ज म्हणजे मार्क, मेडल, 'मी हे करून दाखवलं'. इथे ते मार खातं. समजा तुमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची आणि तुम्हाला कामाची गाणी शोधायचीत. मग स्कॉटलंडच्या बेटांवर लोकरीचं कापड हाताने आपटून घट्ट करतानाची गेलिक (तिथल्या जुन्या भाषेतली) गाणी, जपानमधली भातलावणीची, जॉर्जिया देशातली (अमेरिकेतलं राज्य नव्हे) शेतावरची, असा रूट निघतो. छान आहे, पण कापड असं हाताने आपटणं स्कॉटलंडमध्ये कधीच बंद झालंय, गाणी उरली ती हौशी मंडळींच्या ग्रुपमध्ये. म्हणजे तुम्ही पोचाल आणि कामावर गाणारं कुणी सापडणारच नाही, हे आधीच कळतंय ना? मग ते लपवू नका, तेच प्रपोजलमध्ये घाला. गाणी सापडली नाहीत तर कुणाकडे जाणार, काय विचारणार, आणि गाणं गेल्यावर काम करणाऱ्या बाईच्या हाताला लय कुठून मिळते हाच प्रश्न झाला तर काय, असं सगळं. माझ्या मते सगळं सुरळीत होणारं प्रपोजल वाचून 'मग एवढे पैसे कशाला' असंच वाटतं.

पर्सनल स्टेटमेंटमध्येही (म्हणजे अर्जातला स्वतःबद्दलचा निबंध) एक फसलेली गोष्ट नीट लिहा, पण 'हरलो आणि मग जिंकलो' टाइप नको. फसली, अजून फसलेलीच आहे, तरी डोक्यातून जात नाही, असं काहीतरी.

अमेरिकन नाट्यदिग्दर्शिका ज्युली टेमर याच फेलोशिपवर गेली होती, इंडोनेशियात पोचली आणि तिथे चारेक वर्षं राहिलीच, नाटक कंपनी काढून. १९९८ मध्ये म्युझिकलच्या दिग्दर्शनाचं टोनी (अमेरिकन रंगभूमीचं मोठं अवॉर्ड) मिळवणारी ती पहिली बाई. सगळ्यांचं असं होत नाही हो, पण मूळ प्लॅन बाजूला पडणं म्हणजे वाया जाणं नाही एवढं त्यातून दिसतं.

शेवटचं म्हणजे व्हिसा, ह्याकडे आपली मुलं दुर्लक्ष करतात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) म्हणजे १८० दिवसांत फक्त ९० दिवस, तेव्हा युरोपात सहा महिने सलग काढायचे बेत करू नका. आणि ओपीटी, म्हणजे स्टुडंट व्हिसावर शिकून झाल्यावर अमेरिकेत काही काळ नोकरी करायची परवानगी! त्याचा अर्ज कोर्स संपल्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि तुम्ही तर वर्षभर अमेरिकेबाहेर, म्हणजे ओपीटीवर जवळजवळ पाणीच सोडायचं. प्रपोजलची पहिली ओळ लिहायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन हे विचारून या, आणि आईबाबांनाही आत्ताच सांगा, मार्चमध्ये रिझल्ट लागल्यावर नाही.