बासमनमधून जुन्या मार्शलचा आवाज काढायचा तर

फेंडर कंपनीच्या बासमन या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं ५एफ६-ए सर्किट आणि पहिला मार्शल गिटार ॲम्प एकाच घरातले. १९६२ च्या सुमारास लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमन समोर ठेवूनच जेटीएम४५, म्हणजे पहिला मार्शल, बांधला. म्हणून तुमचा ॲम्प बासमनच्या सर्किटवर असेल, तर मार्शलचा आवाज फार लांब नाही.

मी भुसावळला व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत या कामात आलो. ऑर्केस्ट्रातली पोरं येतात आणि थेट म्हणतात, "काका, ईएल३४ टाकून द्या." हा पुढच्या मार्शलमधला पॉवर व्हॉल्व्ह, शेवटी स्पीकरला ताकद देणारा. मी टाकत नाही. बासमनच्या ५८८१ या पॉवर व्हॉल्व्हला हीटरसाठी (आतली तापणारी तार) ०.९ ॲम्पिअर लागतात, ईएल३४ ला दीड. दोन व्हॉल्व्हचे मिळून १.२ ॲम्पिअर जादा, ते ट्रान्सफॉर्मरने सोसायचे. आपल्याकडे लग्नसराई नेमकी वैशाखात, मांडवात पारा ४५ ला टेकलेला. आणि मार्शलचेही सुरुवातीचे ॲम्प ५८८१ वरच होते. आवाज बदलायचा तो आधी ॲम्पच्या सुरुवातीच्या भागात, गिटारचा सिग्नल जिथे आत येतो तिथे.

चासी (ॲम्पचा आतला धातूचा सांगाडा) उघडण्याआधी प्लग काढा. तरीही फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात, ते जीव घेतात. १० के (किलोओम), ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कंडेन्सरच्या प्लसवरून चासीला लावा, थोडं थांबा, मग मीटरने शून्याजवळ आलंय हे बघा. प्रत्येक कंडेन्सरवर बघा. ज्याने हे काम कधी केलं नाही, त्याने जाणत्या माणसाला सोबत बसवावं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

पहिला बदल बिनसोल्डरचा. पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ काढून १२एएक्स७ बसवा. पिना त्याच, पण ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ४४ वरून १०० वर जातो. दोन दिवस वाजवून बघा. काहींचं काम इथेच होतं.

खरी गंमत टोन स्टॅकमध्ये, म्हणजे ट्रेबल, मिडल, बेसच्या बटणांमागच्या सर्किटमध्ये आहे. तिथला ५६ के चा स्लोप रेझिस्टर काढून ३३ के लावा आणि ट्रेबलचा २५० पीएफ (पिकोफॅरड) कंडेन्सर काढून ५०० पीएफ. सिल्व्हर मायका, ५०० व्होल्टचाच घ्या, कारण त्याच्या एका बाजूला डीसी असतो. बेस आणि मिडलचे कंडेन्सर तसेच राहू द्या. या दोन पार्टांनी मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचे सूर, वर येतात, आणि ढोल, की-बोर्ड, माइक या सगळ्या गलक्यातून गिटार पुढे निघते. आधी रेझिस्टर बदला, ऐका, मगच कंडेन्सर. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कानाला कळत नाही. काढलेले पार्ट पाकिटात घालून, वर त्यांची व्हॅल्यू (ओम, पीएफ) लिहून चासीतच चिकटवा. पुढच्या मेकॅनिकला दुवा मिळतो.

मग कॅथोड, व्हॉल्व्हचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक. बासमनमध्ये पहिल्या व्हॉल्व्हच्या ३ आणि ८ नंबरच्या पिना एकत्र जोडून ८२० ओम आणि २५० मायक्रोफॅरडवर टाकलेल्या असतात. या दोन पिना म्हणजे ॲम्पच्या नॉर्मल आणि ब्राइट या दोन चॅनलचे कॅथोड. तो जोड कापा. नॉर्मल चॅनलकडे जुनेच पार्ट ठेवा, ब्राइट चॅनलच्या कॅथोडला २.७ के आणि ०.६८ मायक्रोफॅरड द्या. साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली गेन उतरतो, ड्राइव्ह वाढवला तरी खालच्या तारा चिखल करत नाहीत. मार्शलनेही पुढे हेच केलं.

आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणून आवाज काबूत ठेवणाऱ्या फीडबॅकचा २७ के रेझिस्टर बदलून ४७ के केलात तर आवाज लवकर फाटतो आणि खरखरीत होतो. मला स्वतःला हा बदल नको वाटतो, क्लीन वाजवताना पकड सुटते.

एवढं करूनही बासमनच्या मागून उघड्या खोक्यातले दहा इंची स्पीकर मार्शलसारखे वाजणार नाहीत. मार्शलची छाती बारा इंची सेलेस्टियन कंपनीच्या स्पीकरमध्ये आणि मागून बंद कॅबिनेटमध्ये आहे. सुताराकडून १८ मिमीच्या चांगल्या प्लायचं खोकं करून घ्या, मागची फळी स्क्रूने घट्ट. ओम जुळलेच पाहिजेत: बासमनचा ट्रान्सफॉर्मर २ ओमचा आहे, त्यावर १६ ओमचं कॅबिनेट लावू नका, आउटपुटला वेगवेगळ्या ओमचे टॅप (जोडणीची टोकं) असलेला ट्रान्सफॉर्मर आधी बसवा.

शेवटी बायस, म्हणजे काही वाजत नसताना पॉवर व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, मोजा, आणि त्याच वेळी मेन लाइनही. शेतीच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि रात्री चढतं. २३० चे २५० झाले की हीटरचे ६.३ चे ६.८ होतात आणि प्लेटचे व्होल्टही त्याच प्रमाणात चढतात. म्हणून बायस जरा थंडच, म्हणजे करंट कमी, ठेवा आणि गावोगाव फिरणाऱ्या ॲम्पला स्टॅबिलायझर लावा.