होल ग्रेनने पोट किती वेळ भरलेलं राहतं हे मोजताय? आधी या चुका टाळा

होल ग्रेन, म्हणजे कोंडा न काढलेलं अख्खं धान्य, खाल्ल्यावर भूक उशिरा लागते का हे बरेच जण स्वतःवर करून बघतात आणि मग नोंदी मला दाखवतात. हौस चांगलीच आहे, पण बहुतेक नोंदी एकाच कारणाने बाद होतात. होल ग्रेनच्या दिवसाचा आणि साध्या दिवसाचा बाकीचा नाश्ता सारखा नसतो.

ओळखीतल्या एकाने आधी काही दिवस पांढरा ब्रेड जॅम लावून खाल्ला, मग ओट्सवर आला आणि उत्साहात फोन केला की दुपारपर्यंत भूकच लागत नाही. विचारलं ओट्समध्ये काय काय घालतोस, तर दूध, केळं, मूठभर बदाम आणि वरून चमचाभर पीनट बटर. अरे मग प्रोटीन वाढलं, फॅट वाढलं, पाणी वाढलं, कॅलरी तर कितीतरी वाढल्या, यात ओट्सचं श्रेय किती ते कसं कळणार? त्याला म्हटलं आता दोन्ही दिवशी दूध आणि केळं तेवढंच घे, बदाम आणि पीनट बटर बंद, आणि ओट्स नि ब्रेड कॅलरी सारख्या येतील असे काट्यावर तोलून घे. फरक राहिला, पण पहिल्यापेक्षा बराच कमी, आणि तोच खरा आकडा.

१९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले तेव्हा प्रत्येक पदार्थ २४० कॅलरीचाच दिला होता. पोट किती भरलेलं वाटतं यात पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर होलमील (कोंड्यासकट पिठाचा) ब्रेड १५७, उकडलेला बटाटा ३२३, आणि ब्राऊन राइस १३२ तर पांढरा भात १३८! म्हणजे होल ग्रेन म्हटलं की पोट जास्त भरणारच असं धरून बसू नका, धान्य कुठलं, किती दळलेलं, शिजताना पाणी किती प्यायलं यावर बरंच ठरतं. ओट्स आणि बार्लीत बीटा ग्लुकन नावाचं पाण्यात विरघळणारं फायबर असतं, ते पोटात घट्टसर होतं, ब्राऊन राइसमध्ये तसं काही नाही.

दुसरी चूक मला जास्त खुपते, ती म्हणजे रात्री बसून दिवसभराचे आकडे आठवून भरणं. जेवून झाल्यावर सकाळची भूक आठवत नाही, आठवतं ते आपल्याला जे वाटायला हवं होतं ते. एकीने दाखवलेल्या वहीत होल ग्रेनच्या प्रत्येक दिवशी अकरा वाजता भूक '२' लिहिलेली, सगळीकडे एकच पेन, एकसारखं अक्षर, मी विचारल्यावर म्हणाली हो, झोपायच्या आधी भरते. हे मोजमाप नाहीच.

माझी सवय सांगते. कागदावर १०० मिलीमीटरची रेघ, डाव्या टोकाला 'अजिबात भूक नाही', उजव्या टोकाला 'प्रचंड भूक', खाली पोट किती भरलंय यासाठी दुसरी रेघ, कारण भूक नसणं आणि पोट भरलेलं वाटणं एकच नव्हे. खाण्याआधी एक खूण, मग दर अर्ध्या तासाला, निदान तीन तास, मोबाईलचा अलार्म लावून, आणि प्रत्येक वेळी नवा कागद, म्हणजे मागची खूण बघून पुढची करायचा मोह होत नाही. पुढच्या जेवणात किती खाल्लं तेही लिहा, रेघ एक सांगते आणि ताट दुसरंच असं बऱ्याचदा होतं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण अॅपमध्ये एक स्मायली दाबून हे काम होत नाही.

बाकीच्या पटापट. पाकिटावर मल्टिग्रेन लिहिलंय म्हणून ते होल ग्रेन नसतं, घटकांच्या यादीत पहिलं काय आहे ते वाचा. फायबर एकदम वाढवलं की सुरुवातीला गॅस होतो, पोट फुगतं, ते पोट भरणं म्हणून लिहू नका, आधी अंगवळणी पडू द्या. झोप कमी झालेला दिवस, भरपूर व्यायामाचा दिवस, पाळीच्या आधीचे दिवस यांची नोंद बाजूला ठेवा, भूक तिथे दुसऱ्याच कारणाने हलते. आदल्या रात्रीचं जेवण सारखं ठेवा, त्याचा असर सकाळपर्यंत पोचतो. चहा-कॉफीची वेळही तीच.

आणि आधी सगळे ब्रेडचे दिवस, मग सगळे ओट्सचे, असं करू नका. रोज सकाळी नाणं उडवा, जे येईल ते खा. दोन-तीन दिवसांत निकाल मागणाऱ्यांना हे पटत नाही, पण एकाच माणसाची एकाच नाश्त्यानंतरची भूकही रोज इतकी वरखाली होते की दोन्हीकडचे निदान सात-आठ दिवस झाल्याशिवाय मी कुणाच्या रेघा बघतही नाही.