बासवुडची पानं मलूल पडली तर आधी काय तपासायचं?

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं, अंगणात बासवुड आहे आणि जुलैत त्याची पानं मलूल दिसायला लागली, की पहिला हात पाण्याच्या नळीकडे जातो. तो जरा आवरा. पाणी कमी पडलं तरी हे झाड माना टाकतं आणि मुळाशी पाणी साचलं तरी टाकतं. लांबून दोन्ही अगदी सारखं दिसतं. साचलेल्या पाण्यात आणखी पाणी ओतलं तर वाचण्यासारखं झाड हातचं जातं.

बासवुड, म्हणजे अमेरिकन लिंडन, मूळचं ओलसर, खोल मातीच्या रानातलं झाड. पान पाच-सहा इंचांचं, पातळ, हृदयाच्या आकाराचं, देठाशी एक बाजू वर आणि एक खाली. एवढ्या पसरट पानांतून उन्हात पाणी झपाट्यानं उडतं. (आपला फालसा याच कुळातला, पण दुष्काळ सोसणं त्याला जमतं, बासवुडला नाही.)

आधी वेळ बघा. कडक उन्हात दुपारी झुकलेली पानं दुसऱ्या दिवशी पहाटे ताठ दिसली तर काळजी नको, फक्त ओलीवर लक्ष ठेवा. पहाटेही लोंबत असतील तर खरं दुखणं आहे. मे महिन्यात नुकती फुटलेली पानं पहिले काही दिवस लुळीच असतात, त्यांना काही करू नका.

मग जागा बघा. सगळं झाड एकसारखं झुकलं असेल तर शंका पाण्याची किंवा मुळांची. एकच फांदी किंवा एकच बाजू गेली असेल तर बुंधा तपासायचा आणि मर रोग डोक्यात ठेवायचा. पानं नुसती झुकलेली नसून पिळवटलेली, वाटीसारखी वळलेली असतील तर लॉनवर काय मारलं ते आठवा. डायकांबा असलेलं तणनाशक मुळांवाटे झाडात चढतं. लॉनचं खत आणि तणनाशक एकत्र असलेल्या पिशव्यांत ते बऱ्याचदा असतं, म्हणून लेबल वाचल्याशिवाय ती झाडाखाली पसरू नका. थोडी बाधा असेल तर झाड सावरतं. पाणी नीट ठेवा, फवारण्या थांबवा.

मातीची परीक्षा लांब स्क्रूड्रायव्हरनं होते. बुंध्यापासून दोन फुटांवर आणि फांद्यांच्या घेराच्या कडेला, अशा चार-पाच ठिकाणी तो सहा-आठ इंच खुपसा. आत जातच नसेल तर माती बहुधा कोरडी किंवा दाबली गेलेली आहे. त्याच खोलीवरची मूठभर माती काढून दाबा. गोळा होऊन बोटाच्या टिचकीनं फुटला तर वाफसा, म्हणजे हवी तेवढीच ओल आहे, पाणी नको. गोळाच होत नसेल तर माती कोरडी. बोटांतून पाणी सुटलं किंवा आंबूस वास आला तर पाणी साचलंय. लॉनच्या स्प्रिंकलरवर विसंबू नका. तो वरचे दोन इंच भिजवतो आणि खाली माती कोरडीच राहते.

नव्या रोपाला खोडाच्या जाडीच्या दर इंचामागे एका वेळी एक ते दीड गॅलन पाणी द्या. जाडी जमिनीपासून सहा इंचांवर मोजायची. दोन इंची खोडाला दोन-तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर. पहिले दोन आठवडे रोज, बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड, पुढे आठवड्यातून एकदा. हे पाणी थेट मुळांच्या गड्ड्यावर पडायला हवं. नर्सरीतून गोणपाटात बांधून आलेल्या झाडाची बरीचशी मुळं शेतातच राहिलेली असतात, त्यामुळे भोवतालची माती ओली असूनही गड्डा आत कोरडा राहू शकतो. मोठ्या झाडाला कोरड्या काळात इंचामागे दहा गॅलन द्या: बारा इंची खोडाला १२० गॅलन, साधारण ४५० लिटर. पाच गॅलनची बादली भरायला नळीला किती मिनिटं लागतात ते मोजलं की हिशोब सोपा होतो. पाणी बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराखाली, सावकाश मुरू द्या.

वर दोन ते चार इंच लाकडाच्या बारीक तुकड्यांचं (वुड चिप्स) आच्छादन घाला, पण खोडाभोवती काही इंच जागा मोकळी सोडा. खोडाला टेकवून रचलेला या तुकड्यांचा ढीग शेजारीपाजारी सगळीकडे दिसतो, आणि तो चूकच आहे: साल कायम ओली राहून कुजते, वर मुळं खोडाभोवती फिरायला लागतात.

पाणी साचत असेल तर स्प्रिंकलरची दिशा बदला, माती वाफशावर येईपर्यंत थांबा आणि निचरा तपासा. एक फूट खोल खड्डा पाण्यानं भरून जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा पाणी तासाला साधारण एक इंचही उतरत नसेल तर निचरा वाईट आहे.

आता बुंधा. निरोगी झाडाचं खोड जमिनीशी पसरत जातं. तुमचं खोड खांबासारखं सरळ मातीत घुसत असेल, किंवा एका बाजूनं चपटं असेल, तर मूळ खोडाला आवळत असण्याची शक्यता दाट आहे. लिंडनमध्ये हा दोष फार. हातखुरप्यानं माती अलगद बाजूला करा. खोडावर आडवं पडलेलं बारीक मूळ छिन्नीनं कापून टाका. जाड किंवा सालीत रुतलेलं असेल तर प्रमाणित आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला बोलवा, कारण ओढून काढताना साल सोलली जाते. बुंध्याशी सुटलेली साल, भोकं आणि भुसा दिसला तर लिंडनच्या खोडकिड्याची अळी आत आहे. ती शक्यतो दुबळ्या, लहान झाडांत शिरते.

मर रोग, म्हणजे व्हर्टिसिलियम बुरशी, बहुधा एकेका फांदीवर दिसते: पानं हिरवीच झुकतात, मग पिवळी पडून वाळतात. अंगठ्याएवढी जाड, मलूल पण अजून जिवंत फांदी कापा, साल काढा आणि लाकडात गडद रेघा आहेत का बघा. खात्रीसाठी अशीच जिवंत फांदी राज्य विद्यापीठाच्या प्लांट क्लिनिकला (झाडांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेला) पाठवा. पूर्ण वाळलेल्या लाकडात बुरशी सापडत नाही. यावर औषध नाही. वाळलेल्या फांद्या काढा, दर कापाआधी कात्री ७० टक्के अल्कोहोलनं पुसा, पाणी नियमित ठेवा. खत देऊ नका. नायट्रोजननं रोग बळावतो. झाड मेलंच तर त्या जागी मेपल लावू नका, त्यालाही हाच रोग होतो. ओक, बर्च किंवा सूचिपर्णी झाड चालेल.

जाळीदार झालेली पानं हे जपानी भुंगेऱ्यांचं काम. मोठं निरोगी झाड ते सोसतं. लहान झाडावरचे सकाळी सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटका. त्यांचे सापळे अंगणात लावू नका, जितके पकडतात त्याहून जास्त बोलावतात. कीटकनाशकाचा विचार तर जपूनच करा, कारण लिंडनच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात. २०१३ मध्ये ओरेगॉनच्या विल्सनव्हिलमध्ये फुलोऱ्यातल्या लिंडनवर डायनोटेफ्युरान हे कीटकनाशक फवारलं आणि हजारो भुंगमाश्या (बंबलबी) मेल्या. त्यानंतर ओरेगॉननं इमिडाक्लोप्रिडसकट चार निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं लिंडनवर वापरायला बंदी घातली. आपल्या राज्याचा नियम आणि डब्यावरचं लेबल, दोन्ही वाचल्याशिवाय मुळाशीही काही ओतू नका.