खिडकी नवी, पाणी जुनंच

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, हॉलची खिडकी पश्चिमेला. जुलैत वाऱ्याबरोबर सर आली की पाणी ट्रॅकमधून ओघळत सोफ्यापर्यंत यायचं. दोन पावसाळे जुने टॉवेल कोंबून काढले. शेवटी अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग काढून यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची बसवली. अडीच ट्रॅक, म्हणजे दोन काचा आणि एक मच्छरजाळी. काच ५ मिमी.

पहिल्याच पावसात पुन्हा पाणी! म्हटलं, गेले पैसे. नीट पाहिलं तर फ्रेमच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात ना, ती कारागिराने सिलिकॉन मारताना बुजवली होती. ग्रिलमधून हात घालून खिळ्याने मोकळी केली, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. गेलं बाहेर.

तरी कोपऱ्यात ओल राहायचीच. मग फ्रेमखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर, बाहेरच्या बाजूला, मुलाची गोटी ठेवली, तर ती घरंगळत फ्रेमकडे! उतारच उलटा. खिडकी पुन्हा उतरवून गवंड्याकडून ग्रॅनाइट बाहेरच्या उताराने बसवून घेतलं. हे आधीच करायला हवं होतं, दुहेरी मजुरी वाचली असती.

आता सोफा कोरडा आहे. आई मात्र अजून ढग गडगडले की टॉवेल शोधते.