ग्रास कटर कुठून घ्यावा?

ऑनलाइन किंमत कमी दिसते, पण ग्रास कटर पावसाळ्यातच चालतो आणि बंदही नेमका तेव्हाच पडतो. म्हणून जिथे दुरुस्ती होते, त्याच दुकानातून घ्या, तेही मे महिन्यातच.

दुकानदाराला त्याच मॉडेलचा कार्ब्युरेटरचा डायफ्राम, स्टार्टरची दोरी, क्लच आणि नायलॉन हेड (पात्याऐवजी दोरीने गवत कापणारा भाग) काउंटरवर काढून दाखवायला सांगा. ‘मागवून देतो’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा. तो भाग येईपर्यंत गवत कमरेला लागतं.

मशीन जोडून, इंजिन थंड असतानाच चालू करून घ्या. पट्टा खांद्याला लावून बघा. पात्याचं नट बहुधा उलट्या आट्यांचं असतं, ते कसं सोडवायचं तेही तिथेच शिकून घ्या.

इंजिन टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं असं) असेल, तर ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत बघून टाकीवर लिहून ठेवा: ५०:१ म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो, आणि असा बिघाड सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज केला असेल, तर पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या.