घरच्या घरी हिट वर्कआउट: छोटी खोली, खालचे शेजारी आणि खान्देशचं ऊन

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मोबाईलवर ते "४५ मिनिटांचं हिट" वाले व्हिडिओ येतात ना, त्यातले बरेचसे हिट नसतातच, साधा कार्डिओ असतो फक्त म्युझिक जोरात असतं. कारण हिट (HIIT, हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) म्हणजे काय तर थोडा वेळ अगदी दम निघेपर्यंत जोर लावायचा, मग थांबायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा, आणि मग परत तेवढाच जोर. असा जोर खरंच लावला तर कोणालाच ४५ मिनिटं झेपत नाही भो, आणि ज्याला झेपतंय त्याने जोर लावलेलाच नाही, सरळ हिशोब आहे.

माझं म्हणणं एवढंच की यात आराम हा पण वर्कआउटच आहे. आपल्याकडे लोकं नेमका आरामच कापतात, वाटतं बसून राहिलो म्हणजे वेळ वाया गेला, मग सहाव्या फेरीला उड्या नावापुरत्या राहतात आणि कंबर भरून येते. मध्ये पुरेसा थांबलात तरच पुढच्या फेरीत हार्ट रेट वर जाईल इतकी ताकद उरते, आणि फायदा सगळा त्या वर जाण्यातच आहे.

तबाता हे नाव ऐकलं असेल. १९९६ मध्ये जपानच्या इझुमी तबाता यांनी जो अभ्यास छापला त्यातून ते आलं, २० सेकंद काम, १० सेकंद आराम, सात-आठ फेऱ्या, म्हणजे चार मिनिटांत खेळ खल्लास. पण ते सगळं जिममधल्या बसून मारायच्या सायकलवर होतं, करणारी पोरं तरुण आणि खेळाडू होती, आणि सात-आठ फेऱ्यांत त्यांच्याकडून पॅडल पुढे जातच नव्हतं इतका लोड ठेवलेला होता. मूळ पद्धत पण जपानच्या स्पीड स्केटिंग टीमच्या कोचची. तेव्हा ज्याने वर्षभर ऑफिसची खुर्ची सोडली नाही त्याने पहिल्याच दिवशी २०-१० करायला जाऊ नये, आपण उलट्या हिशोबाने सुरू करू, काम कमी आणि आराम डबल.

कोणी करू नये ते आधीच सांगतो, शेवटी लिहिलं तर कोणी वाचत नाही. हार्टचा त्रास असेल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल, छातीत कधी दुखलं असेल, इन्सुलिन चालू असेल, प्रेग्नन्सी असेल, किंवा चाळिशी ओलांडली आणि इतक्या वर्षांत बस पकडायला सुद्धा पळाला नाहीत, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका. गुडघे कुरकुरत असतील तर उड्या बंद, बाकीचं चालेल, त्याचं खाली लिहिलंय. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत नाही म्हणजे नाही. आणि करताना छातीवर दाब आला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, डोळ्यापुढे अंधारी आली, थंड घाम फुटला तर "एवढी फेरी संपवतो" करायचं नाही, तिथेच थांबायचं, घरातल्यांना हाक मारायची आणि दवाखाना गाठायचा.

आता वेळ. पुण्या-नाशिकचा माणूस म्हणेल संध्याकाळी ऑफिसवरून आल्यावर करा, त्याला काय जातं. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहालाही त्याच्यातून झळ येत असते, पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका. गरमीत शरीर रक्त कातडीकडे पाठवून स्वतःला थंड करतं, म्हणून हृदयाला त्याच कामासाठी जास्त ठोके मारावे लागतात, म्हणजे तुम्ही अर्धाच जोर लावला तरी नाडी पूर्ण जोराची दाखवते. त्यामुळे उन्हाळ्यात वेळ एकच, पहाटे साडेपाच ते साडेसहा, गच्चीवर किंवा अंगणात. ज्याला पहाटे जमत नाही त्याने एप्रिल-मे पुरतं फक्त चालावं, काही बिघडत नाही. धुळे-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रॉब्लेम, अंग लवकर गरम होत नाही, तेव्हा वॉर्मअपला दुप्पट वेळ द्या.

कूलरचं पण सांगतो. कूलर लावून खिडक्या बंद केल्या की खोलीत दमटपणा भरतो, घाम अंगावरच राहतो, उडत नाही, आणि गारवा देणारी गोष्ट म्हणजे घाम उडणं. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. आणि आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे उघड्यावर घाम आला कधी आणि वाळला कधी कळतच नाही, माणूस म्हणतो मला घामच येत नाही. घरात वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर उभं राहून बघा, अर्धा किलो कमी दिसलं म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी गेलं. तेवढं माठातलं पाणी हळूहळू प्या. पंधरा मिनिटांच्या वर्कआउटला ते रंगीत एनर्जी ड्रिंक कशाला पाहिजे मला आजवर समजलेलं नाही.

जागा किती लागते तर एक सतरंजी अंथरली आणि चारी बाजूंनी हात पसरला तर काही लागलं नाही, बस. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर घामाचे थेंब पडले की पाय सटकतो, विशेषतः हात टेकवून करायच्या व्यायामात तळहात सरकतात, म्हणून खाली रबरी मॅट नाहीतर ओलसर करून घट्ट पिळलेलं गोणपाट टाका, ते हलत नाही. बूट घाला. चप्पल घालून उड्या मारणारे पाहिलेत मी, ती चप्पल कधी टीव्हीवर जाईल सांगता येत नाही.

वॉर्मअप सहा ते आठ मिनिटं. जागेवर चालणं, खांदे फिरवणं, कंबर फिरवणं, सावकाश आठ-दहा बैठका, मग दोन-तीन सूर्यनमस्कार, शेवटी अर्धा मिनिट जागेवर हळू पळणं. अंगाला हलका घाम सुटला की झालं.

टाइमरसाठी ॲप आहेत ढीगभर पण मला भिंतीवरचं सेकंद काट्याचं घड्याळ जास्त पटतं, लाइट गेली, नेट गेलं, फोन आला, त्याला फरक पडत नाही. सेकंद काटा १२ वर आला की सुरू, ४ वर पोहोचला की बंद, म्हणजे २० सेकंद काम. मग ४ पासून परत १२ पर्यंत ४० सेकंद आराम. एक चक्कर म्हणजे एक फेरी, मोजायची भानगडच नाही. पुढे ३०-३० करायचं झालं की १२ ते ६ काम आणि ६ ते १२ आराम. घरात पोरगं असेल तर त्याला घड्याळासमोर बसवा आणि "थांबा" ओरडायचं काम द्या, ते एक सेकंद पण सूट देत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे असं करा, २० सेकंद काम ४० सेकंद आराम, सहा फेऱ्या. फक्त सहा मिनिटं झाली, हसू नका. तीनच व्यायाम, प्रत्येक दोनदा:

जलद बैठका. आपल्या तालमीतल्याच, फक्त टाच जमिनीवर ठेवायची, पाय खांद्याएवढे लांब, खाली जाताना मागे खुर्ची आहे असं समजून कंबर मागे न्यायची, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. वेगाच्या नादात अर्ध्यातून परत येऊ नका, मांडी जवळपास आडवी झाली पाहिजे.

जागेवर गुडघे वर घेऊन पळणं. गुडघा कमरेपर्यंत, हात पळताना हलतात तसे हलवायचे, छाती पुढे झुकवायची नाही.

माउंटन क्लाइंबर. जोर (पुशअप) मारायच्या पोझिशनमध्ये यायचं, हात खांद्याच्या बरोबर खाली, आणि एकेक गुडघा छातीकडे ओढायचा, पळाल्यासारखं. इथे सगळ्यांची कंबर वर जाते आणि अंगाचा तंबू होतो, मग पोटाला काही कामच राहत नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ पाहिजे. मनगट दुखत असेल तर हात पलंगाच्या कडेवर ठेवून करा, पलंग मात्र भिंतीला टेकलेला असू द्या.

बर्पी (बैठक, जोर आणि उडी एका दमात) मी मुद्दाम नाही लिहिली. दमलेल्या नवीन माणसाची बर्पी म्हणजे धाडकन जमिनीवर पडणं आणि कण्हत उठणं, त्यातून खांदे आणि कंबर दोन्ही जातात. त्यापेक्षा आपल्या तालमीतल्या सपाट्या बऱ्या, त्या पण दोन महिन्यांनी.

उड्या मारणारे व्यायाम करताना कान द्या. धप्प आवाज आला म्हणजे तो धक्का गुडघ्यात आणि मणक्यात चालला. आधी चवडा, मग टाच, गुडघा किंचित वाकलेला, असं उतरलं की आवाज जवळपास येत नाही. खाली भाडेकरू राहत असतील तर ते लवकर शिकाल, आमच्याकडे जिन्यातून "काय पाडताय वरती?" असं कोणी ना कोणी विचारतंच. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि पहाटे शेजाऱ्यांची झोप जपणाऱ्यांनी उडी काढून टाकावी, जंपिंग जॅकऐवजी एक पाय बाजूला टाकत हात वर, बैठकीऐवजी खुर्चीतून हाताचा आधार न घेता भराभर उठ-बस, आणि हवेत बुक्क्या मारणं, हे शेवटचं दिसायला सोपं आहे पण २० सेकंद खऱ्या वेगात मारून बघा.

जोर पुरेसा लागतोय का हे कळायला महागडं घड्याळ नको. फेरी संपल्या संपल्या बाजूच्याशी बोलून बघा, अख्खं वाक्य आरामात निघालं तर जोर कमी पडला, दोन-तीन शब्दांवर श्वास तुटला तर बरोबर, बोलताच येत नाही आणि मळमळतंय तर जास्त झालं. आकडाच पाहिजे असेल तर २२० मधून वय वजा करा, हा ढोबळ अंदाज आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. चाळिशीच्या माणसाचे आले १८०, त्याचे ८५ टक्के म्हणजे १५३. मनगटावर नाहीतर मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा, ३८ च्या आसपास ठोके आले की जमलं. पहिल्या दोन फेऱ्यांत येणार नाहीत, हार्ट रेट वर चढायला वेळ घेतो, तिसऱ्या-चौथ्यापासून बघा. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते, तिथे हा आकडा कामाचा नाही, बोलून बघायचीच पद्धत वापरा.

सहा फेऱ्या आरामात जमायला लागल्या की आठ करा, मग ३०-६०, मग ३०-३०. एकाच आठवड्यात फेऱ्या पण वाढवल्या आणि आराम पण कमी केला असं दोन्ही करू नका. त्यानंतर एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू असं दहा वेळा, हा कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीतल्या मार्टिन गिबाला यांच्या टीमने खूप वापरलेला प्रकार आहे आणि नोकरीवाल्या माणसाला तोच सगळ्यात जास्त जमतो.

त्याच युनिव्हर्सिटीत जिन्यावर पण अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये छापून आला. व्यायामाची सवय नसलेल्या बायकांना २० सेकंद पूर्ण वेगात जिना चढायला लावायचं, असं तीनदा, वॉर्मअप आणि मधला आराम धरून सगळे दहा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. त्यांचा दम वाढला. दोन मजली घर असेल तर याच्यासारखं स्वस्त मशीन नाही, फक्त वर पळत जायचं आणि खाली मात्र कठडा धरून चालत यायचं, पाय मुरगळतात ते उतरताना. दुष्काळात टँकर आल्यावर हंडे घेऊन गच्चीच्या टाकीपर्यंत चकरा मारणाऱ्या आमच्या काकू हेच करत होत्या, फक्त त्याला नाव नव्हतं.

संपल्यावर लगेच गादीवर आडवं पडायचं नाही आणि एकदम स्टॅच्यू पण व्हायचं नाही. पायातल्या स्नायूंची हालचाल रक्त वर ढकलत असते, ती एकदम थांबली की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. चार-पाच मिनिटं चाला, नंतर मांडी-पोटरी ताणा.

आठवड्यातून दोन ते तीनच दिवस, मध्ये एक दिवस तरी गॅप. बाकीचे दिवस चालणं, जळगावात मेहरूण तलावाला चक्कर मारली तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा सांगते, तेव्हा नुसत्या हिटवर कोटा पुरा होत नाही. आणि ज्याने दिवसभर कापूस वेचलाय किंवा केळीचे घड वाहिलेत त्याने त्या दिवशी हे करूच नये, त्याचा झालेला आहे.

खाण्याचं थोडक्यात. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या, वरण-बट्टी झाली असेल तर तो दिवसच सोडा. पहाटे रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर अर्धा तास आधी एक केळ. नंतर नाश्त्याला अंडी, उसळ, दही काहीही प्रोटीनचं. वजन उतरेल म्हणून कोणी करत असेल तर हिशोब ऐका, मधल्या केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात आणि बारा मिनिटांच्या अशा वर्कआउटमध्ये जळतात एखाद-दीड केळ्याइतक्या. व्यायामानंतर तासनतास चरबी जळत राहते असं रीलवाले सांगतात, ते होतं पण फार थोडं होतं. शेवभाजीची तर्री त्याच्या कितीतरी पुढे निघून जाते. यातून मिळतो तो दम, आणि जिना चढताना फरक दिसतो.

तो फरक मोजायचा असेल तर शेवटच्या फेरीनंतर लगेच नाडी मोजा आणि बरोबर एक मिनिटाने परत मोजा, जितकी जास्त खाली आली तितकं चांगलं, कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दोन्ही आकडे लिहून ठेवा. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त असेल तर झोप कमी झालीय किंवा अंगात काहीतरी चाललंय, त्या दिवशी सुट्टी. आणि मे मधले आकडे जानेवारीच्या आकड्यांशी लावू नका, गरमीत ते बिघडलेलेच दिसणार, पाऊस पडून हवा उतरली की पुन्हा मोजा.